सागवानी फळ्यांवरचे खिळ्यांचे काळे डाग : ऑक्झॅलिक ॲसिडचा आठ महिन्यांचा अनुभव

गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या घराच्या माडीला बाहेरून सागवानी फळ्या मारलेल्या आहेत. तिसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक खिळ्याभोवती निळसर काळे वर्तुळ उमटले आणि त्यातून बोटभर ओघळ खाली उतरले. बुरशी समजून मी आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फळ्या घासल्या. डाग तसेच राहिले आणि खिळे मात्र अधिकच गंजले.

कारण समजल्यावर स्वतःचेच हसू आले. लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि खिळ्यातील लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. टॅनिन असलेला हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून शाई करण्याची जुनी रीत याच गुणावर चालत असे, म्हणजे माझ्या भिंतीवर पावसाळाभर शाईच बनत होती.

मार्चमध्ये ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर आणली. प्लास्टिकच्या बादलीत 1 लिटर कोमट पाण्यात सुमारे 60 ग्रॅम विरघळवून नायलॉनच्या ब्रशने लावली. पहिल्या डागावर ब्रश टेकवून थांबलो, तर काळा रंग कडेकडून विरत दहा मिनिटांत फिकट पिवळसर झाला. मात्र डागापुरतेच लावले, तर तेवढाच भाग उजळून ठिपका दिसतो, म्हणून पूर्ण फळी भिजवावी लागते. एका दुपारी घाई करून उन्हात काम केले आणि द्रावण वाळून फळीवर पांढरे स्फटिक जमले. ते काढताना पाणी आणि वेळ दोन्ही गेले. सावलीत काम करून फळ्या भरपूर पाण्याने धुणे उत्तम. पावडर विषारी असून तिची धूळ नाकाला झोंबते, त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडके आवश्यक आहे. आमच्याकडे गोठा लागूनच असल्याने धुण्याचे पाणी जनावरांच्या टाक्याकडे जाणार नाही, अशी चारी मी आधी काढून घेतली होती.

पावडरला मी पूर्ण गुण देईन, परंतु ती फक्त झालेला डाग काढते. पावसाचा मारा सोसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीतील खिळे पक्कडीने उपसून 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले. खर्च साध्या खिळ्यांच्या कित्येक पट आला. दुकानदाराने चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे स्वस्तात दाखवले होते, पण तो पातळ थर हातोडीच्या पहिल्याच घावाला डोक्यावरून सोलला जातो, हे मी तिथेच एक खिळा ठोकून पाहिले. दक्षिणेच्या भिंतीत जुनेच खिळे ठेवून त्यांची डोकी पंचने आत दाबली, वर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली आणि रंग दिला.

ऑक्टोबरअखेर पश्चिमेची भिंत स्वच्छ आहे. दक्षिणेकडे जिथे लांबीला बारीक चिरा गेल्या, तिथल्या अकरा खिळ्यांभोवती पुन्हा काळी कड धरली आहे. उरलेली पावडर त्यांच्यासाठीच ठेवली आहे, आणि या वेळी खिळेही निघतील.