कार्बो-व्हिन्क्रिस्टिनची जोडी की एकटं व्हिन्ब्लास्टिन?

लो-ग्रेड ग्लायोमा, म्हणजे मेंदूतली हळू वाढणारी गाठ, ऑपरेशनने पूर्ण निघणार नाही अशा जागी, आणि रेडिएशन शक्यतो टाळायचं इतकं लहान मूल. इथवर येऊन पोचलेल्या आईबापांसाठी हे लिहितोय. पोर्ट (औषध द्यायला छातीत त्वचेखाली बसवतात ती डबी) कशाला, एमआरआय किती महिन्यांनी, हे तुम्हाला एव्हाना माझ्याइतकंच पाठ असणार. आमची लेक सहा वर्षांची. तिला आधी कार्बोप्लॅटिन-व्हिन्क्रिस्टिन या किमोच्या औषधांची जोडी दिली, आता एकटं व्हिन्ब्लास्टिन, तीही किमोच, चालू आहे. या दोन्हींतलं काय निवडायचं, त्याबद्दल हे.

त्याआधी एक विचारून घ्या: ब्लॉकवर (गाठीचा जपून ठेवलेला तुकडा) बीआरएएफ या जीनची तपासणी झाली का? व्ही६००ई नावाचा बदल निघाला, तर ही तुलना बाजूला ठेवा आणि डॉक्टरांशी डाब्राफेनिब-ट्रामेटिनिबबद्दल बोला. ही तोंडाने घ्यायची औषधं. अमेरिकेत २०२३ मध्ये एक वर्षावरच्या मुलांसाठी त्यांना मान्यता मिळाली. त्या चाचणीत समोर कार्बो-व्हिन्क्रिस्टिनच होतं. गाठ ठळकपणे लहान झालेली मुलं गोळ्यांच्या बाजूला ४७ टक्के, जोडीच्या बाजूला ११. ताप त्यांनीही येतो, आणि खर्चाचं गणित वेगळंच. आमच्या रिपोर्टात फ्युजन आलं, म्हणजे तोच जीन दुसऱ्या जीनला जोडला गेलेला. पिलोसायटिक या प्रकारच्या ग्लायोमात बहुतेकदा तेच येतं, आणि त्यावर नुसतं डाब्राफेनिब उलटं काम करू शकतं. तेव्हा आम्ही सुईवरच राहिलो.

आकडे मीही शोधले. व्हिन्ब्लास्टिन पहिल्यापासून दिलेल्या मुलांचा २०१६ चा अभ्यास आहे. त्यात पाच वर्षांत गाठ न वाढलेली मुलं ५३ टक्के. जोडीच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, २०१२ साली छापलेल्या, तिथे ३९. हे वाचून मी रात्री अकराला बायकोला उठवलं होतं! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हवा काढली. पहिल्या अभ्यासात एनएफ-१ हा जन्मजात जनुकीय आजार असलेली मुलंही होती, त्यांची गाठ मुळातच सौम्य वागते. दुसऱ्यात ती नव्हती. ती वगळली की ५३ चे ४२ उरतात. ४२ आणि ३९, तेही वेगवेगळ्या मुलांवरचे. एवढ्यावर मी तरी काही ठरवलं नसतं.

जोडीची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच आहे. अनुभव तिच्यामागे जास्त, आणि सुरुवातीचे दहा आठवडे गेले की चार आठवडे कार्बो आणि दोन आठवडे सुट्टी असा फेरा लागतो. त्या सुट्टीत आम्ही लग्नाला उज्जैनला जाऊन आलो, शाळेत थोडी हजेरी लागली. साधारण साठ आठवड्यांत संपतं, युरोपच्या पद्धतीत त्याहून लांबतं. कार्बोमुळे ऐकू कमी येऊ शकतं म्हणून मधूनमधून कानाची तपासणी करावी लागते, ती जड नाही.

दुसऱ्या फेऱ्यात ड्रिप अर्ध्यावर असताना लेकीच्या मानेवर गांध्या उठल्या आणि खोकला सुरू झाला. सिस्टरने तिथल्या तिथे ड्रिप बंद करून एव्हिल हे ॲलर्जीचं औषध दिलं. कार्बोची ॲलर्जी बऱ्याच मुलांना येते, आणि पहिल्या डोसाला नाही, बरेच डोस झाल्यावर. डॉक्टर म्हणाले, दोन वाटा आहेत. आधी औषधं देऊन तेच कार्बो अगदी हळूहळू, नाहीतर व्हिन्ब्लास्टिन. दोन्ही चालेल, विचार करून सांगा.

तुम्हाला वाटेल ॲलर्जीच्या भीतीने आम्ही बदललं. खरं सांगायचं तर चपलेने बदललं.

आमचं घर लोकमान्यनगरात दुसऱ्या मजल्यावर. लेक जिना चढायची आणि तिची एक रबरी चप्पल खालच्या पायरीवर राहायची. तिला पत्ताच नसायचा, एक पाय अनवाणी घेऊन वर यायची. आम्ही आधी रागावलो, मग मोठ्या मापाची चप्पल आणली असेल म्हणून दुकानदाराला नावं ठेवली. एक दिवस कान देऊन ऐकलं, तर फरशीवर उजवं पाऊल फटक-फटक वाजत होतं. डॉक्टरांनी टाचांवर चालायला सांगितलं, तर पंजा वर उचललाच जाईना. व्हिन्क्रिस्टिनचं काम. बद्धकोष्ठ आणि जबड्याचं दुखणं आम्ही निभावून नेलं होतं. पण कार्बोची वाट धरली असती, तर व्हिन्क्रिस्टिन सोबत आलंच असतं. रोज संध्याकाळी पायरीवरून ती चप्पल उचलणं मला आणखी वर्षभर जमलं नसतं.

व्हिन्ब्लास्टिनही त्याच कुळातलं. दोन्ही सदाफुलीतून निघालेली. आमच्या आईने गॅलरीत डालड्याच्या डब्यात सदाफुली लावलीय. हे ऐकल्यापासून ती तिला रोज हळदकुंकू वाहते. शेजारच्या काकूंनी मात्र पानांचा रस द्यायचं सुचवलं. कृपा करून असलं काही करू नका, ते झाड विषारी आहे. सिस्टरने सिरिंज आणली की नाव मोठ्याने वाचून घ्या, क्रिस्टिन की ब्लास्टिन. नावं सारखी असली तरी डोसात मोठा फरक आहे.

याचा त्रास वेगळा. दर आठवड्याला, सत्तर आठवडे, सुट्टी नाही. मज्जातंतूंना हे बरंच कमी छळतं, पण काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, पाडतं. सकाळी सातला सीबीसीचं रक्त, अकराला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट, आणि एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) खाली असेल तर त्या आठवड्याचा डोस रद्द, हॉस्पिटलसाठी भरलेली पिशवी तशीच रिकामी करायची. आमचा डोस अंगाच्या दर चौरस मीटरमागे ६ मिलीग्रॅमवरून ५ वर आणला तेव्हा कुठे आठवडे चुकायचे थांबले. पोहे-जलेबी बाहेरची बंद, ताप आला की मध्यरात्रीसुद्धा हॉस्पिटल. पण इंजेक्शन काही मिनिटांचं, आणि दुपारी लेक घरी जेवते.

हॉस्पिटल दूर असेल, दर आठवड्याला रजा मिळत नसेल, किंवा तुमच्या मुलाचे पाय जोडीवर ठणठणीत असतील, तर मी जोडी सोडा म्हणणार नाही. निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या. आमच्यापुरतं, पहिल्यांदाच कोणी विचारलं असतं तर मी व्हिन्ब्लास्टिन म्हणालो असतो.

पंजा पूर्ण उचलायला तिला पाच महिने लागले. एकतीस आठवडे झालेत, एकोणचाळीस राहिलेत. आज अकराला रिपोर्ट यायचाय.