हायड्रोमीटर घ्यावा की वजनकाटा?

भाचीचा घनतेचा प्रकल्प, त्यात ताईला दुधावर संशय आणि आजीच्या चांदीच्या रुपयांवरही. 'एकच काय ते सांग, हायड्रोमीटर आणू की तो सोनाराकडे असतो तसा छोटा काटा?' असा इंदूरच्या रामबागेतून तिचा फोन आला. हायड्रोमीटर म्हणजे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी. तत्त्व दोन्हींचं एकच: वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतक्या जोरानं द्रव तिला वर ढकलतो. पण हायड्रोमीटर फक्त द्रवच मोजतो, काटा दोन्ही मोजतो. माझं मत काट्याकडे.

पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा. कोरडं वजन आधी घेतलेला रुपया दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा काठाला टेकू द्यायचा नाही. पाणी नाण्याला वर ढकलतं तेवढंच नाणं पाण्याला खाली दाबतं, आणि काट्यावर बाजूला सरलेल्या पाण्याचे ग्रॅम दिसतात. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागलं की घनता. राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. त्यात 12 पैकी 11 भाग चांदी. खरा असेल तर आकडा 1.13 च्या आसपास येतो, म्हणजे घनता सुमारे 10.3. तांबं-निकेलचा तेवढ्याच वजनाचा नकली असेल तर 1.31.

इथेच काटा निवडताना लोक फसतात. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा 1.1 म्हणाला तर घनता 10.6, 1.2 म्हणाला तर 9.7, यावरून कोणाला खोटं पाडणार? 0.01 चाच घ्या. नाहीच मिळाला तर पाच रुपये एकत्र बांधून बुडवा, चूक पाचपट कमी होते. आणि काट्याची क्षमता बघा. 200 ग्रॅमच्या काट्यावर पाणी भरलेला स्टीलचा ग्लास ठेवलात तर नाण्याची पाळीच येणार नाही. हलका प्लास्टिकचा ग्लास बरा.

काट्याखाली हूक लावून वस्तू पाण्यात लोंबकळवायची रीतही आहे. गॅलिलिओनं 1586 मध्ये अशाच तराजूचं वर्णन केलं होतं. उत्तर तेच येतं, खटाटोप मात्र जास्त. सुती दोरा पाणी पितो, म्हणून बारीक नायलॉन वापरा. नाण्याच्या नक्षीत बुडबुडे अडकतात, त्याला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरे. नळाचं नर्मदेचं पाणी चालतं, डिस्टिल्डचा खर्च नको. तापमानाचंही फार मनावर घेऊ नका: 30 अंशांना पाण्याची घनता 0.996, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी फरक.

सोन्याबद्दल मात्र सावध. भरीव 22 कॅरेटची घनता 17.7 च्या आसपास येते, तिथे पितळ लगेच उघडं पडतं. पण टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याइतकीच, त्याला ही परीक्षा पकडत नाही. आणि मंगळसूत्राच्या वाट्या आत पोकळ, त्यात लाख भरलेली. त्यांची घनता काढून सराफ्यात भांडायला जाऊ नका.

आता द्रव. रोज एकच द्रव बघायचा असेल तर हायड्रोमीटरला तोड नाही: नळीत ओता, सोडा, वाचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीला तर तोच. ॲसिड काट्याजवळ नेऊच नये. लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा हायड्रोमीटर, गाईच्या चांगल्या दुधाला 28 ते 30 दाखवतो, म्हणजे घनता 1.028 ते 1.030. नळीवर छापलेल्या तापमानालाच वाचायचा. पण तो सहज फसतो. साय दुधापेक्षा हलकी, म्हणून ती काढली की आकडा चढतो. मग पाणी घालून तो जागेवर आणता येतो. माझा स्वतःचा सिंकमध्ये धुताना फुटला, तेव्हापासून दुसरा आणलेला नाही.

काट्यावर द्रव मोजायला 100 ग्रॅमचं जुनं पितळी वजन दोऱ्याला बांधतो. पाण्यात आकडा 11.7, शेंगदाणा तेलात 10.7. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की तेलाची सापेक्ष घनता 0.91.

ताईनं काटा घेतला. भाची आता घरात दिसेल ते दोऱ्याला बांधते, परवा तुरटीचा खडा पाण्यात सोडला आणि आकडा हळूहळू सरकू लागला. तुरटी विरघळते. तेलात बुडव म्हटलं, आणि आलेल्या आकड्याला 0.91 नं भाग, मिळेल ते घनफळ.