पॅलेस्टाईनचं दार: १९२२ चं माप आणि १९३९ चं माप

ब्रिटिशांनी त्यांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाईनमधल्या ज्यू स्थलांतराला दोन वेगळी मापं लावली. १९२२ च्या श्वेतपत्रिकेत, चर्चिल वसाहतमंत्री असताना, माप आर्थिक होतं: देशाला पेलवतील तितकीच माणसं येऊ द्यायची. १९३९ च्या श्वेतपत्रिकेत ते उघडउघड राजकीय झालं: पाच वर्षांत ७५,०००, आणि पुढे अरबांची संमती असेल तरच.

पहिलं माप कागदावर समंजस वाटतं. पण त्याला वरची मर्यादा नव्हती. ज्यू भांडवल आलं की रोजगार वाढे, रोजगार वाढला की प्रवेशाचे परवानेही वाढत. हिटलर सत्तेवर आल्यावर ओघ फुगला. एकट्या १९३५ मध्ये ६०,००० हून अधिक ज्यू आले. अरबांची धास्ती निव्वळ पोटापाण्याची नव्हती. आपल्याच भूमीत आपण अल्पसंख्य होऊ, ही ती धास्ती होती, आणि आर्थिक सूत्रात तिला जागाच नव्हती. एप्रिल १९३६ मध्ये संप पुकारला गेला, त्याचं बंड झालं, ते १९३९ पर्यंत धुमसलं. तणाव वाढवण्यात मी याच धोरणाला जास्त दोष देईन.

दुसऱ्या मापाने ती धास्ती ओळखली, पण कोणत्या वेळी! युरोपातले ज्यू जीव मुठीत धरून पळत असताना. पॅलेस्टाईनचा प्रवेश नाकारलेल्या निर्वासितांचं ‘स्ट्रुमा’ जहाज १९४२ मध्ये काळ्या समुद्रात बुडालं. ७५० हून अधिक जीव गेले. हे मला अक्षम्य वाटतं. आणि ज्यांची समजूत घालायला हे केलं, त्या पॅलेस्टाईनमधल्या अरबांच्या नेतृत्वाने, म्हणजे अरब उच्च समितीनेही, ही १९३९ ची श्वेतपत्रिका फेटाळलीच होती.