चेहऱ्याचा लकवा, लाल दिवा आणि गेलेले ७० हजार

जानेवारीतली सकाळ होती. चूळ भरली तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळून अंगावर सांडलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती डाव्या कानात अशी घुसली की मी कान दाबून धरला. मी दुसरीच्या वर्गाला मराठी शिकवते. ह्यांना "बघा ना" म्हणायला गेले तर 'ब' उमटेना. प, फ, ब, भ, म ह्या पाचही अक्षरांना दोन्ही ओठ मिटावे लागतात, आणि माझे अर्धे ओठ हलतच नव्हते.

सासूबाई म्हणाल्या, "वारं गेलं गं तोंडावरून." ह्यांनी लगेच गाडी काढली.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला लावल्या, हात-पाय तपासले. मेंदूच्या झटक्यात बहुतेक वेळा कपाळ शाबूत राहतं. माझ्या डाव्या कपाळावर एकही आठी पडत नव्हती. त्यावरून आणि बाकीच्या तपासणीवरून ते म्हणाले, बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडाच्या अरुंद बोगद्यातून येते, ती सुजली की तिथेच आवळली जाते. सूज उतरवायला त्यांनी दहा दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं. डावा डोळा नीट मिटत नव्हता, म्हणून दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम लावून पापणीवर चिकटपट्टी. औषध सुरू करायची वेळ पहिले ७२ तास, तुम्ही वेळेत आलात, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. इथपर्यंत सगळं नीट झालं होतं. (असं कुणाला झालं तर घरी आरशासमोर परीक्षा करत बसू नका, आधी दवाखाना गाठा. झटका आहे की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.)

तिसऱ्या दिवशी नणंदेच्या ओळखीतून सिंहगड रोडच्या बाजूच्या एका लाइट थेरपी सेंटरचा पत्ता मिळाला. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ होते, सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. त्यांनी माझ्या गोळ्यांची पट्टी हातात घेतली आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला सारून ठेवली. "ताई, स्टिरॉइडनं हाडं भुसभुशीत होतात. आमचा प्रकाश थेट नसेपर्यंत जातो आणि नस नवी करतो. दोन्ही एकत्र चालत नाही." तीस सेशन, सहा आठवडे, ४५ हजार. आजच भरले तर ४२. मी भरले. आणि गोळ्या थांबवल्या. दहा दिवसांचं औषध मी तीन दिवस घेतलं. पैशांपेक्षा हीच गोष्ट मला जास्त सलते.

उपचार म्हणजे गालावर तळहाताएवढी एक पट्टी, तिच्यात लाल दिव्यांच्या रांगा, वीस मिनिटं. किंचित ऊब लागायची, बरं वाटायचं. डोळ्याचं नाव कुणी काढलं नाही. उलट पट्टीखाली डोळा उघडाच राहायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा फोटो काढला. "जोरात हसा, दात दाखवा, आता डोळे घट्ट मिटा." फोटोत तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा अर्धा उघडा, बघून मला रडू आलं. दहा सेशन झाल्यावर दुसरा फोटो. ह्या वेळी गोल दिव्यासमोर बसवलं, "ओठ मिटून शांत बसा" म्हणाले. फोटोत चेहरा जवळजवळ सरळ दिसत होता. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हात जोडले. त्याच आनंदात मी २८ हजारांचं घरी वापरायचं यंत्रही घेतलं, क्रेडिट कार्डावर, हप्त्यानं.

मुलीनं महिन्याभरानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि म्हणाली, "आई, ह्यात तू हसतेयस. ह्यात नुसती बसलीयस." मी तिथल्या तिथे आरशासमोर जाऊन हसले. तोंड उजवीकडे गेलं. पहिल्यापेक्षा कमी, पण गेलं. लकव्याचा चेहरा शांत असताना बराच सरळ दिसू शकतो, खरी परीक्षा हालचालीत असते. तुम्हाला कुणी आधीचा-नंतरचा फोटो दाखवला तर दोन्हींत एकच हालचाल आहे का, उजेड एकच आहे का, ते बघा.

त्याच आठवड्यात डोळा लाल झाला, खुपू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळ कोरडं पडून त्यावर ओरखडे आलेत, आणखी उशीर झाला असता तर जखम होऊन नजरेवर गेलं असतं.

मग न्यूरॉलॉजिस्ट. त्यांनी माझ्यावर न चिडता अर्धा तास समजावलं. डेन्मार्कमध्ये १,७०० च्या वर पेशंट काहीही उपचार न देता पाहिले गेले, त्याचा अहवाल २००२ साली आला. ८५ टक्के लोकांत तीन आठवड्यांच्या आत सुधारणा दिसू लागली, ७१ टक्के पूर्ण बरे झाले. म्हणजे दहा सेशननंतर मला जे थोडं बरं वाटत होतं, ते बहुतेकांना काहीच न करता वाटतंच. सेंटरचे सहा आठवडे नेमके ह्या काळावर बसवलेले. शरीर आपलं काम करतं आणि बिल दिव्याच्या नावावर फाटतं. गोळ्यांचं मात्र उलट आहे. स्कॉटलंडमधल्या २००७ च्या चाचणीत ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी ९४ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांत ८२ टक्के.

प्रकाशाचा उपचार म्हणजे सगळं थोतांड, असं ते म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. हंगेरीतल्या एंड्रे मेस्टर ह्यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांवर कमी शक्तीच्या लेसरचा परिणाम पाहिला, तेव्हापासून काम चालू आहे. कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलवटतं, त्यासाठी तो आज मान्य आहे. चेहऱ्याच्या नसेसाठी छोट्या छोट्या चाचण्या झाल्यात, काहींत फायदा दिसला, पण अजून पुरावा कच्चा आहे. आणि तो औषधाच्या जोडीला द्यायचा, औषध बंद करून नव्हे. शिवाय त्याला मात्रा असते: प्रकाशाची तरंगलांबी किती नॅनोमीटर, दर चौरस सेंटिमीटरला ऊर्जा किती ज्यूल. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तरी नाही. मी परत सेंटरला जाऊन एवढंच विचारलं. "ते मशीनमध्ये सेट असतं," असं उत्तर मिळालं. घरच्या यंत्राच्या मागचं सेंटरचं स्टिकर नखानं सोलून काढलं, तर खाली सुरकुत्या आणि मुरुमांसाठीच्या उपकरणाचं लेबल होतं. नॅनोमीटरचा आकडा कुठेच नव्हता.

माझे सासरे जुने ग्राहक पंचायतवाले. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात पंचायत सुरू केली तेव्हापासूनचे. "बिल घेतल्याशिवाय काडेपेटीसुद्धा आणू नकोस," असं ते मला लग्न झाल्यापासून सांगत आले. मी पावती घेतली होती, वाचली नव्हती. त्यावर 'वेलनेस सल्ला' एवढंच लिहिलेलं, आणि पैसे एका खाजगी नंबरवर गेलेले. तरी ती पावती, फोटो, मेसेज, सोललेलं स्टिकर, सगळं जपून ठेवलं म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता आली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. वाट कळत नसेल तर १९१५ ही हेल्पलाइन आहे. लकवा बरा करतो अशी जाहिरात करणं हाच १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा आहे, तो कागदही सासऱ्यांनी जोडायला लावला. निकाल लागायचा आहे.

आता मी शाळेत जाते. प, फ, ब, भ, म स्पष्ट येतात. पण भाकरी चावताना डावा डोळा आपोआप मिटतो. नस परत वाढताना तिच्या तारा चुकीच्या जागी जोडल्या जातात, त्याचा हा परिणाम. गोळ्या पूर्ण घेतल्या असत्या तर हे टळलं असतं का, ते एका माणसापुरतं कुणीच सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोज दहा मिनिटं आरशासमोर हळूहळू हालचालींचा सराव करते, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारून घेतला. त्यांनी भिंतीवरची चौकट दाखवली.

सेंटरच्या बाकावर माझ्या शेजारी एक रिक्षावाले काका बसायचे. उजवी बाजू गेलेली, डोळ्याला सतत रुमाल. पंधरा सेशनचे पैसे त्यांनी उसने घेतले होते. नाव मी कधी विचारलं नाही, आणि सेंटर आता तिथे नाही. काका, तुमच्या घरातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी तुम्हाला एवढं सांगावं: डोळा अजून लाल असेल तर आजच दाखवा. ससूनला डोळ्यांची ओपीडी आहे.