फॅलेनॉप्सिस घ्यावं की डेंड्रोबियम? सांगलीचा हिशेब वेगळा, साताऱ्याचा वेगळा

फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम ही दोन्ही ऑर्किडं, म्हणजे आमरी. नर्सरीत दोन्ही कुंड्या शेजारी असल्या की हात आधी फॅलेनॉप्सिसकडेच जातो. रुंद पाकळ्यांची पांढरी-जांभळी फुलं एका दांड्यावर ओळीनं लागलेली; त्यापुढं डेंड्रोबियम बारकं वाटतं. किंमतही सहसा फॅलेनॉप्सिसचीच जास्त. पण फुलावर जाऊ नका. झाड घरात ठेवणार की गच्चीवर, आणि मार्च ते मे तुमच्याकडं हवा किती कोरडी पडते, हे आधी बघा. माझं मत सांगून टाकतो: सांगली, मिरज, तासगाव, विट्यात गच्ची किंवा बाल्कनी असेल तर डेंड्रोबियम. सातारा, वाई, पाचगणीकडं घरातल्या खिडकीशी ठेवायचं तर फॅलेनॉप्सिस.

दोघांचं मूळ ठिकाण बघितलं की हे पटतं. आज बाजारात मिळणारे बहुतेक फॅलेनॉप्सिस संकरित असतात, आणि त्यांच्या पूर्वजांतली महत्त्वाची जात म्हणजे फॅलेनॉप्सिस अमाबिलिस. इंडोनेशियानं १९९३ साली आपल्या तीन राष्ट्रीय फुलांत घेतलेली हीच. दाट, दमट जंगलात झाडाच्या फांदीवर, सावलीत वाढणारी. पाणी साठवायला तिच्याकडं जाड पानं आणि मुळं, एवढंच. गच्चीवरचं डेंड्रोबियम उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डेंड्रोबियम बिगिबमच्या गोतावळ्यातलं. क्वीन्सलंडनं १९५९ मध्ये ते राज्याचं फूल केलं. तिकडं चार महिने धो धो पाऊस आणि मग लांबलचक कोरडा काळ. म्हणून त्याच्या उसासारख्या पेरांच्या कांड्यांत पाणी आणि अन्न दोन्ही साठतं. सह्याद्रीतलं आपलं डेंड्रोबियम बार्बाट्युलमही कोरड्या दिवसांत पानं झाडून नुसत्या कांड्यांवर पांढरी फुलं काढतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये, चाळिशीच्या उन्हात, कोणतं झाड तग धरेल हे वेगळं सांगायला नको.

उन्हाचं गणित सोपं आहे. डेंड्रोबियमला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी ५० टक्क्यांची शेडनेट हवी. सावलीत ठेवलंत तर कांड्या वाढतील, फूल मात्र येणार नाही. फॅलेनॉप्सिसला पूर्वेची खिडकी आणि पातळ पडदा पुरतो. थेट दुपारचं ऊन लागलं की पानावर पांढुरके, भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत.

पाण्यावर मात्र जरा थांबावं लागेल, कारण बहुतेक झाडं इथंच जातात. दोघांनाही माती नको. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं आणि भरपूर भोकांची कुंडी. फॅलेनॉप्सिस पारदर्शक कुंडीत असेल तर मुळंच सांगतात: कोरडी असताना चंदेरी-पांढरी, पाणी पडलं की बघता बघता हिरवी. पांढरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर हात आवरा. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. शेंडा कुजला की त्याला दुसरा शेंडा नाही. डेंड्रोबियमला मूळ कुजण्याचा धोका आहे, पण एखादी कांडी गेली तर शेजारून नवी फुटते. पानं गळालेली जुनी कांडी घाईनं कापू नका, नव्या फुटीला तीच पोसते. आणि वाळवा, पलूस, मिरज भागातल्या खारट बोअरचं पाणी दोघांनाही नको. मुळांवर क्षार बसतात, पानांची टोकं करपतात. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा.

थंडीचं उलटं आहे. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे गार रात्री लागतात. त्या आपल्याकडं नोव्हेंबरपासून आपोआप मिळतात, मग फेब्रुवारी-मार्चला फूल उघडतं आणि दोन-तीन महिने टिकतं. मात्र पारा १५ अंशांच्या खाली गेला की झाड घरात घ्या. डेंड्रोबियमला इतकी थंडी अजिबात मानवत नाही, पानं पिवळी होऊन गळतात. म्हणूनच महाबळेश्वर-पाचगणीच्या गच्चीवर मी ते सुचवणार नाही. उन्हाळ्यात फॅलेनॉप्सिस कूलरच्या खोलीत खूश असतं, फक्त थेट झोताखाली नको.

काही जण विचारतात, विकत कशाला, कास-कोयनेच्या वाटेवर सीतेची वेणी ही रानातली आमरी मिळते की! मिळते, आणि उन्हाळा संपता संपता आंब्या-जांभळावरून लोंबणारी तिची गुलाबी ठिपक्यांची फुलं बघायला जरूर जा. पण काढू नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथं झाड तोडणं गुन्हा आहे. शिवाय सालीला चिकटलेली मुळं ओरबाडून आणलेली आमरी घरी बहुधा जगत नाही. बांडगूळ समजून काढणारेही भेटतात. ती झाडातून काही शोषत नाही, नुसती बसलेली असते.

खरेदी पावसाळ्यात करा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याआधी झाडाला रुजायला वेळ मिळतो. कुंडी उचलून बघा: मुळं कडक असावीत, दाबल्यावर पिचणारी तपकिरी नकोत. फॅलेनॉप्सिसची पानं ताठ हवीत, सुरकुतलेली नकोत. डेंड्रोबियममध्ये निदान तीन कांड्या आणि एखादी नवी फूट बघून घ्या. फुलं असली-नसली तरी चालेल.