जुन्या गाडीची अडकणारी दारं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

सेकंडहँड गाडी घेताना मी इंजिन ऐकलं, टायर पाहिले, खाली वाकून गंज शोधला. दारात चावी फिरवून पाहायची तेवढी राहून गेली. रिमोटवर चारही दारं उघडत होती, त्यामुळे सुचलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात गाडीची बॅटरी उतरली, रिमोट निकामी झाला आणि ड्रायव्हरच्या दारातला बॅरल, म्हणजे चावी घालून फिरवायचा कुलपाचा भाग, जागचा हलेना. बॉनेटचा खटका आतल्या बाजूला, म्हणजे बॅटरीपर्यंतही पोचता येईना. एक काच दोन बोटं उघडी होती म्हणून तारेने आतलं बटण ओढता आलं.

गॅरेजवाल्याने पूर्ण लॉक सेट बदलायला सांगितलं. मी नाही म्हटलं. चालणारी वस्तू फेकायला माझं मन होत नाही.

घरी पातळ तेलाचा स्प्रे मारला आणि चावी लगेच फिरली. तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना हाच उपाय सांगितला होता. तो सल्ला आता मागे घेतो. दोन महिन्यांत बॅरल पहिल्यापेक्षा जड झाला. आत पितळेच्या पातळ पट्ट्या आणि बारीक स्प्रिंगा असतात. तेलात धूळ कालवली गेली की त्या चिकटून बसतात. मग कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेच्या जोडण्या साफ करायचा स्प्रे) सगळा चिकटा धुऊन काढला, पूर्ण वाळू दिलं आणि चावीला ग्रॅफाइट पावडर लावून वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर केली. तेव्हापासून सहा महिने चावी अलगद फिरते आहे. आणखी एक, रोजची चावी झिजलेली होती. डुप्लिकेट करायची तर कपाटातल्या कमी वापरलेल्या चावीवरून करा, नाहीतर झीजसुद्धा नकलेत उतरते.

पण खरं दुखणं मागच्या डाव्या दारात निघालं. ते आतून उघडेना, बाहेरूनही उघडेना. फक्त आतून उघडत नसतं तर आधी चाइल्ड लॉक पाहिलं असतं. शेवटी एकाने दार बाहेरून आत दाबून धरलं आणि दुसऱ्याने हँडल ओढलं, तेव्हा स्ट्रायकरवरचा, म्हणजे दार ज्या कडीत अडकतं तिच्यावरचा, ताण सुटून ते उघडलं. हलवलं तर आत पाणी डुचमळत होतं!

काचेच्या कडेच्या रबरी पट्टीमधून (बीडिंग) पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला भोकं ठेवलेली असतात, आणि माझ्या दाराची सगळी भोकं चिखलाने बुजली होती. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढलं तर लॅचवर, म्हणजे दार पकडून ठेवणाऱ्या खटक्यावर, गंज, जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट आणि हँडल-लॅच जोडणाऱ्या रॉडची प्लास्टिक क्लिप तुटलेली. लॅच साफ करून पांढरं लिथियम ग्रीस लावलं, क्लिप नवी बसवली, आतली प्लास्टिक शीट कडेकडेने नीट चिकटवली. ती सुटी राहिली तर पाणी थेट पायाशी येतं. दार लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरने लॅच बंद स्थितीत ढकलून हँडल ओढून पाहा. सुटला तरच दार लावा. माझ्या मते ती भोकं दर महिन्याला तारेने मोकळी करणं हे बाकी सगळ्या स्प्रे-पावडरींपेक्षा मोलाचं काम आहे. एवढीशी गोष्ट गाडी विकताना किंवा सर्व्हिसिंग करताना मला कुणीच सांगितली नाही, याचा राग अजून आहे.

त्या दाराचा अ‍ॅक्चुएटर (कुलूप हलवणारी छोटी मोटर) अजून क्षीण आवाज करतो, कधी कधी बटण अर्ध्यावर थांबतं. तो बदलणार आहे, पण तो एकटाच.