नौपाड्यातलं जुन्या पीसीचं आणि कॉम्प्युटर मासिकांचं दुकान: एकदा जाऊन बघाच

जुने पीसी विकणारे पुष्कळ आहेत, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर अजून पेंटियमचे डबे पडलेले असतात, आणि जुनी मासिकं तर रद्दीत किलोने निघतात. पण मशीन चालू करून शेजारी त्याच काळातलं मासिक उघडून निवांत बसता येईल अशी जागा मी ठाण्यात तरी ही एकच बघितली. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या बिल्डिंगचा पहिला मजला, बाहेरची पाटी साध्या कॉम्प्युटर रिपेअरची. पुढच्या काउंटरवर नेहमीचं लॅपटॉप-प्रिंटरचं काम चालतं. आतल्या खोलीत मात्र तीन भिंतींना रॅक, त्यावर सीपीयू, सीआरटी म्हणजे जुने जाडजूड काचेच्या नळीचे मॉनिटर, आणि खालच्या कप्प्यांत गठ्ठेच्या गठ्ठे मासिकं.

आधी रिपेअरबद्दल, कारण मी गेले होते त्यासाठीच. बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेलं ४८६ डीएक्स२-६६, म्हणजे पेंटियमच्या आधीच्या पिढीच्या प्रोसेसरचं मशीन, आमच्याकडे वर्षानुवर्षं माळ्यावर होतं, चालू करून बघितलं तर स्क्रीन काळी. आधी नवी मुंबईतल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेलं तर त्यांनी उघडूनही न बघता ई-वेस्टला द्या म्हणून सांगितलं, फार वाईट वाटलं. इथल्या काकांनी कॅबिनेट उघडलं आणि पहिलं बोट ठेवलं ते कीबोर्डच्या सॉकेटजवळच्या निळ्या बॅटरीवर. "ताई, हे बघा, हीच सगळ्यांना खाते." त्या काळच्या ३८६-४८६ बोर्डांवर घड्याळ आणि सेटिंग टिकवायला निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली असायची, ती म्हातारी झाली की गळते, आणि आतलं अल्कली तांब्याच्या बारीक रेघा कुरतडत जातं. आमच्या बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी खपली आली होती. काकांनी बॅटरी कापून काढली, खपलीवर ब्रशने पांढरं व्हिनेगर लावलं, म्हणजे अल्कली मरतं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, आणि तुटलेल्या दोन रेघांवर केसाएवढी वायर सोल्डर करून दिली. नवीन बॅटरी म्हणून साधा नाण्यासारखा लिथियम सेल लावला, पण सरळ नाही, मधे एक डायोड टाकून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाते. का, तर जुना बोर्ड चालू असताना बॅटरी चार्ज करायला बघतो आणि लिथियमचा हा सेल चार्ज करायचा नसतो, फुटू शकतो. हे त्यांनी न विचारता समजावलं, माझा नववीतला भाचा सोबत होता त्याला तर भिंग देऊन दाखवलं.

पॉवर सप्लायपण तसाच नीट बघितला. जुन्या एटी सप्लायमधून बोर्डाकडे दोन वेगळे कनेक्टर येतात, पी८ आणि पी९, ते उलटसुलट बसले की बोर्ड गेला म्हणून समजा, काळ्या वायरी मधे एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. आणि पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात, त्यामुळे तिथल्या कुजलेल्या वायरी बदलल्याशिवाय त्यांनी प्लग लावूच दिला नाही. ज्यांच्या घरी असं मशीन पडलंय त्यांनी हे दोन मुद्दे तरी लक्षात ठेवा, उत्साहाच्या भरात सरळ प्लग लावू नका.

हार्ड डिस्क गेलेली होती. तिच्या जागी, जुन्या हार्ड डिस्कच्या आयडीई केबलला लागणाऱ्या अडॅप्टरवर, कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड बसवलं, आवाज नाही, उष्णता नाही. बऱ्याच ४८६ चं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, ५०४ एमबीच्या पुढचं बघू शकत नाही त्यामुळे मोठं कार्ड घेऊन काही फायदा नसतो, डॉससाठी, म्हणजे विंडोजच्या आधीच्या त्या कमांड टाइप करायच्या सिस्टीमसाठी, तेवढं भरपूर होतं. सगळं मिळून चोवीसशे रुपये झाले, कार्डासकट. माझ्या मते वाजवी, अशा कामाला वेळ किती जातो ते मी समोर बसून बघितलंय.

आता मासिकं. हा भाग मला जास्त आवडला आणि त्याबद्दलच मुख्यतः लिहायचंय. लोक जुनी मासिकं आठवण म्हणून घेतात, मुखपृष्ठ बघतात, आणि ठेवून देतात. पण शेजारी मशीन चालू असेल तर तीच मासिकं मॅन्युअलसारखी कामाला येतात. आमच्या मशीनमधे साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड आहे, आवाज येत नव्हता. काकांनी पीसी क्वेस्ट या आपल्याकडच्या कॉम्प्युटर मासिकाचा ९० च्या दशकातला गठ्ठा खाली ओढला, साउंड कार्डावरचं एक पान काढून भाच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "वाच रे आणि तूच कर." मग मशीनला कार्ड सापडावं म्हणून लागणारी सेटिंग (पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १), कार्डावरचे जंपर म्हणजे सेटिंगच्या छोट्या टोप्या बघणे, मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधे सेट ब्लास्टरची ओळ लिहिणे, हे सगळं त्याने केलं आणि स्पीकरमधून आवाज आला तेव्हा आख्ख्या दुकानाला कळलं. यूट्यूबवर हे मिळालं नसतं असं नाही, पण तो लेख लिहिणाऱ्याच्या समोरही हेच कार्ड आणि हीच अडचण होती, त्यामुळे डॉसच्या जेमतेम ६४० केबी मेमरीत काय कुठे बसवायचं याची जी काळजी त्यात आहे ती आजच्या व्हिडिओत नसते.

जाहिरातीपण वाचा, अगदी लेखांइतक्या मन लावून वाचा. ४ एमबी रॅम, १७० एमबी हार्ड डिस्क, १४ इंची कलर मॉनिटर, हे केवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय ते बघितलं की त्या काळात घरात पीसी आणणं म्हणजे काय होतं ते कळतं. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सगळ्यांसाठी सुरू केलं, त्याच्या आधीचे अंक आणि नंतरचे अंक शेजारी ठेवले की जाहिरातींत मोडेम कसे वाढत गेले ते पान उलटता उलटता दिसतं.

परदेशी मासिकांत बाइट सगळ्यात जास्त आहे. सप्टेंबर १९७५ ला सुरू झालं आणि जुलै १९९८ ला छापील अंक बंद झाला, मधल्या काळातले काही अंक तर जाडजूड पुस्तकाएवढे. ऑगस्ट १९८१ चा स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेवरचा अंक, रॉबर्ट टिनीने काढलेल्या रंगीत बलूनच्या मुखपृष्ठाचा, काकांकडे आहे, विकायला नाही पण हात धुवून बघायला देतात. योगायोग म्हणजे त्याच महिन्यात, १२ ऑगस्टला, आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला, ४.७७ मेगाहर्ट्झचा. बाइटचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत आणि शोधायला तेच सोपं, मी पण वापरते. आपल्याकडच्या बऱ्याच अंकांसाठी मात्र कागदच गाठावा लागतो आणि तो ठाण्याच्या दमट हवेत टिकत नाही, म्हणून कुणीतरी प्लॅस्टिकमधे बांधून ठेवतंय याचं मला फार मोल वाटतं.

खोलीतली सगळ्यात भारी वस्तू अजून सांगायची राहिली. एका ३८६ मधे सीडॅक या पुण्याच्या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड आहे आणि ते चालतं! सगळ्या लिप्यांना एकच संकेत देणाऱ्या युनिकोडच्या आधी, विंडोज घरोघरी यायच्या आधी, डॉसमधल्या वर्डस्टारसारख्या साध्या सॉफ्टवेअरमधे देवनागरी याच कार्डामुळे उमटायची. मी समोर बसले, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत हात सरळ चालायला लागले, कारण तो कीबोर्ड तेव्हापासून फारसा बदललेलाच नाही, के च्या जागी क, जे च्या जागी र. हिरव्या स्क्रीनवर "ठाणे" लिहिलं. जोडाक्षरं टाकून बघितली, "ज्ञानेश्वर" नीट उमटलं. मराठी कॉम्प्युटरवर आली त्यामागे पुण्यात बसलेल्या इंजिनियरांची केवढी मेहनत आहे, आणि शाळेतल्या मुलांना ते कार्ड दाखवणारं म्युझियम आपल्याकडे कुठे आहे सांगा. कॉलेजवाल्यांनी खरंच इथे पोरांना आणावं, काका नाही म्हणणार नाहीत.

खटकलेल्या गोष्टी. मासिकं वर्षानुसार लावलेली नाहीत, हवा तो अंक शोधायला अर्धा तास जातो. खालच्या कप्प्यातल्या काही गठ्ठ्यांना कसर लागलीय, घेताना प्रत्येक अंक मधून उघडून बघा आणि घरी नेल्यावर बाकीच्या पुस्तकांपासून लांब ठेवा. डिजिट मासिकाच्या अंकांसोबतच्या सीडी बऱ्याच गायब आहेत, हव्या असतील तर आधी विचारा. अंकाचा भाव ८० ते १५० रुपये, बाइटला जास्त, आणि घासाघीस चालत नाही. चालू ४८६ चा पूर्ण सेट साडेनऊ हजारांपासून, पण मॉनिटरवर गॅरंटी शून्य, आणि सीआरटी रिपेअर करणारा माणूस आता त्यांनाही मिळत नाही. मॉनिटर घेणार असाल तर तिथे तासभर चालू ठेवून चित्र हलतंय का, कडा वाकड्यातिकड्या होतायत का बघा. उघडू मात्र नका, बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

गाडी आणू नका, पार्किंग नाहीच, स्टेशनवरून चालत जा. पैसे यूपीआयने चालतात. आतली खोली काका फक्त दुपारी चारनंतर उघडतात, सकाळी रिपेअरची गर्दी असते, त्यामुळे फोन करून जा आणि आपल्या मशीनचा प्रोसेसर कुठला ते आधीच सांगा, म्हणजे ते त्या वर्षांचे गठ्ठे काढून ठेवतात. मी पाचपैकी साडेचार देते, अर्धा कापला तो कसरीसाठी. १९९३ चे पीसी क्वेस्ट माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलेत, बाकीचे तुम्ही बिनधास्त न्या.